युद्ध पैशासाठी की पंथासाठी? गोव्याच्या इतिहासातून तपासूया

मांडवीकाठ:
डिसेंबर जवळ आला की १९६१ च्या गोवा मुक्तीवर चर्चा सुरू होते आणि दोन तट पडतात. एक तट म्हणतो, सगळी युद्धं शेवटी पैशासाठीच होतात, धर्म आणि देश हे वरचे कपडे. दुसरा म्हणतो, माणूस नफ्यासाठी मरत नाही, विचारासाठी मरतो. दोन्ही वाक्यं टाळ्या घेतात, पण दोन्हींनी काही सिद्ध होत नाही.

माझी सूचना अशी. गोव्यात पाचशे वर्षांत भरपूर लढाया झाल्या आणि त्यांचे कागद शिल्लक आहेत. ज्याला मुद्दा मांडायचा असेल त्याने एकच लढाई घ्यावी आणि तिच्याबद्दल चार गोष्टी सांगाव्या: खर्च कुणी केला, अडवून काय धरलं, तहात काय मागितलं, आणि पैसा व तत्त्व आमनेसामने आले तेव्हा काय सोडलं. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दोन्ही हेतू एकाच दिशेला जात असतील तर काहीच कळत नाही. ते एकमेकांना आडवे गेले तरच खरं वजन दिसतं.

खाजनवाला:
मग १५१० पासूनच सुरू करतो, आणि माझं मत पैशाच्या बाजूचं आहे.

पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कचा आरमारी तांडा त्या वर्षी गोव्यासाठी निघालेलाच नव्हता, त्याचा रोख तांबड्या समुद्राकडे होता. होनावरच्या तिमोजा या स्थानिक आरमारी सरदाराने त्याला गोव्याकडे वळवलं. वर्षाच्या सुरुवातीला शहर हाती आलं, मे महिन्यात आदिलशाही फौजेने बाहेर काढलं. त्यानंतर जे झालं ते मांडवीच्या तोंडाशी राहणाऱ्याला लगेच समजेल. पावसाळ्यात नदीच्या मुखाशी वाळूचा बांध आणि लाटा यांमुळे जहाज बाहेर पडत नाही. सगळा तांडा नदीतच अडकला. काठावर शत्रूच्या तोफा, पोटात अन्न नाही, खलाशी उंदीर आणि चामडं उकळून खात होते. ऑगस्टमध्ये वाट मोकळी झाली, बाहेर पडले, आणि २५ नोव्हेंबरला पुन्हा शहर घेतलं.

इतके हाल सोसून तिसवाडीचं हेच बेट (गोवा शहर याच बेटावर) कशासाठी? घोड्यांसाठी. दख्खनच्या हवेत आणि चाऱ्यावर चांगली पैदास होत नव्हती, अरबी-इराणी घोडे लवकर मरायचे, त्यामुळे विजयनगर आणि विजापूर दोघांनाही दर वर्षी नवा माल लागायचा. १५१५ मध्ये होर्मुझ ताब्यात आल्यावर घोडा जिथे चढतो ते बंदर आणि जिथे उतरतो ते बंदर, दोन्ही एकाच हातात आली. घोड्यांची जहाजं गोव्यालाच लागली पाहिजेत, ही सक्ती झाली. १५६५ मध्ये तालिकोटला विजयनगर पडलं तेव्हा गोव्याच्या जकातीला मोठी गळती लागली, ती याच कारणाने.

त्याबरोबर कार्ताझ, म्हणजे समुद्रात फिरण्याचा परवाना. त्यात जहाजाचं नाव, नाखुदा (कप्तान), वजन, माणसं, शस्त्रं, कुठून कुठे, आणि काय नेता येणार नाही ते लिहिलेलं असे. मिरी बंद, तुर्क बंद, युद्धसामान बंद. कागदाची फी किरकोळ होती. खरी कमाई पुढे: परवाना घेणाऱ्याला फिरंगी बंदरात थांबून जकात भरावी लागे. परवाना नसेल तर जहाज जप्त. आरमार हे इथे वसुलीचं हत्यार होतं.

अंत्रुजकर:
खाजनबाब, घोड्यांचा हिशेब मान्य. पण २५ नोव्हेंबरनंतर शहरातल्या मुसलमानांची जी कत्तल झाली ती कुठल्या खात्यावर घालणार? अल्बुकर्कने २२ डिसेंबरच्या पत्रात राजाला स्वतःच आकडा कळवला आहे, सहा हजार. त्यात घोड्यांचे व्यापारी होते, सराफ होते, जहाजवाले होते. ज्या व्यापारावर जकात बसवायची तो व्यापार चालवणारी माणसं कापून काढणं हा कुठल्याच व्यापाऱ्याचा हिशेब नाही. हिंदूंना मात्र त्याने हात लावला नाही, उलट तिसवाडीच्या गावांचा सारा कमी केला. हा भेद पैशाने ठरलेला नव्हता.

पुढेही तेच. १५४० मध्ये तिसवाडीतली देवळं पाडली. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं. त्याच दशकात सासष्टीतून (दक्षिण गोव्यातला पोर्तुगीज भाग) कारागीर, शेतकरी, व्यापारी बोटीत देव घेऊन नदीपलीकडे गेले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. अंत्रुज, म्हणजे आजचा फोंडा भाग, तेव्हा आदिलशाहीत होता. म्हणजे फिरंग्यांनी स्वतःचे करदाते शत्रूच्या मुलखात पाठवले. खुद्द त्यांच्याच अधिकाऱ्यांपैकी काहींना हे नुकसान दिसत होतं, तरी धोरण चालूच राहिलं. मांडवीबाबांची चौथी कसोटी इथे लावा.

जोणकार:
अंत्रुजकर, एक भर. १५४० ला देवळं पडली आणि १५४१ ला देवळांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चच्या कामाला वळवलं गेलं. म्हणजे पाडणाऱ्याला तोटा झाला असं सरसकट म्हणता येत नाही. सरकारी तिजोरीला तोटा, धर्मसंस्थेला नफा. 'पोर्तुगीज' हा एकच माणूस नव्हे. लिस्बनचा राजा, गोव्याचा विजरई (व्हाइसरॉय), किल्ल्याचा कप्तान, पाद्री, आणि गावकारीचे, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचे, गावकर, पाच जणांची पाच खाती आहेत. बहुतेक वाद इथेच फसतात: सगळ्यांची बेरीज एका खात्यात करतात आणि मग नफा झाला की तोटा यावर भांडतात.

कप्तानाचंच पाहा. किल्ल्याची कप्तानी बहुधा तीन वर्षांसाठी मिळायची, बक्षीस म्हणून. तीन वर्षांत जे कमवायचं ते खासगी व्यापारातून. किल्ल्याचा दारूगोळा राजाच्या खर्चाने, व्यापार स्वतःच्या नावे. अशा माणसाला सीमेवरचा तणाव महाग पडत नाही. राजाला पडतो.

दर्यावर्दी:
चौथ्या कसोटीला सर्वांत स्वच्छ उदाहरण डचांचं आहे, आणि गोव्यात त्याच्यावर कुणी फारसं बोलत नाही.

१५८० पासून पोर्तुगाल स्पेनच्या राजाच्या छत्राखाली होता. डच स्पेनशी स्वातंत्र्यासाठी लढत होते, शिवाय ते कॅल्व्हिनपंथी प्रोटेस्टंट आणि हे कॅथलिक. म्हणजे वैराला राजकीय कारण होतं, धार्मिक कारण होतं, आणि मसाल्याचं कारण होतंच. तिन्ही एकत्र, त्यामुळे कुठलं किती हे सांगणं अशक्य. १६३६ पासून डच आरमार दर वर्षी पावसाळा संपला की मांडवीच्या तोंडाशी येऊन उभं राहायचं आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की जायचं. आत शिरायची गरजच नव्हती. लिस्बनला जाणारी मोठी जहाजं नाताळ-जानेवारीच्या सुमारास सुटली तरच आफ्रिकेचं दक्षिण टोक ओलांडायला वारा सापडतो. तेवढे आठवडे मुख अडवलं की पूर्ण वर्ष बुडालं.

आता पुढचं बघा. डिसेंबर १६४० मध्ये पोर्तुगाल स्पेनपासून सुटला. वैराचं राजकीय कारण एका रात्रीत संपलं, उलट दोघांचा शत्रू एकच झाला. जून १६४१ मध्ये हेगला दहा वर्षांच्या युद्धबंदीवर सह्या झाल्या. डच ईस्ट इंडिया कंपनीने आशियात ती मानली नाही. श्रीलंकेतल्या दालचिनीच्या जमिनी डचांनी घेतलेल्या किल्ल्यासोबत मिळतात की नाही, एवढ्यावर घोडं अडवून गोव्याची नाकेबंदी १६४४ पर्यंत चालू ठेवली. नोव्हेंबर १६४४ मध्ये गोव्यात समझोता झाला, तोही मुख्यतः जमिनीच्या वाटणीवर. विचारधारेचं इंजिन काढून घेतलं तरी गाडी चार वर्षं चालली. इथे मी पैशाच्या बाजूने उभा राहतो, पण फक्त इथे.

खाजनवाला:
दर्यावर्दीबाब, हे अगदी मोलाचं उदाहरण. याच्याच शेजारी एक ठेवतो. सोळाव्या-सतराव्या शतकात धर्मसभा ठराव करत होत्या की हिंदूंना सरकारी कामं देऊ नयेत. आणि त्याच काळात जकातीचे, दारूचे, तंबाखूचे मक्ते बहुतेक हिंदू मक्तेदारांकडेच होते. लिलावात जास्त बोली तेच लावायचे आणि हप्ता तेच वेळेवर भरायचे. ठराव कागदावर, मक्ता पेढीवर.

नव्या काबिजादींचंही, म्हणजे अठराव्या शतकात जोडलेल्या मुलखाचंही, तसंच. १७६३-६४ मध्ये म्हैसूरच्या हैदर अलीच्या मारापुढे सौंध्याचा राजा गोव्याला आला आणि फोंडा, सांगे, केपे, काणकोण पोर्तुगीजांकडे गेले. १७८१ ते ८३ मध्ये डिचोली-सत्तरी, १७८८ मध्ये पेडणे. इथल्या देवळांना, चालीरीतींना हात लावणार नाही असं वचन दिलं आणि बहुतांशी पाळलं. राज्य तेच, धर्म तोच, पण वागणूक उलटी. कारण एकदा सासष्टीत माणसं गमावून बघितली होती.

अंत्रुजकर:
नुसतं तेवढंच कारण नव्हतं. मधल्या काळात लिस्बनमधला विचारच बदलला होता. पोर्तुगालचा मुख्य मंत्री पोंबाल याने १७५९ मध्ये जेझुइट पाद्र्यांना हाकललं, १७७४ मध्ये गोव्याचं इन्क्विझिशन बंद केलं. तो सत्तेवरून गेल्यावर १७७८ मध्ये ते परत आलं आणि १८१२ पर्यंत राहिलं. १७७४ ते १७७८ या चार वर्षांत गोव्याचं अर्थकारण उलटंपालटं झालेलं नाही. लिस्बनमधली माणसं बदलली, एवढंच. हे उदाहरण माझ्या पारड्यात.

आणि १६८४ विसरू नका. संभाजी महाराजांच्या स्वारीने बार्देश-सासष्टी होरपळलेली होती. अशा वेळी कोंदे द आल्व्होर या विजरईने जूनमध्ये फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावं. या हुकमातून एक कवडी येणार नव्हती.

जोणकार:
सासष्टीतल्या कुंकळ्ळीवर लिहितो, कारण दोन्ही बाजू कुंकळ्ळीला आपल्याकडे ओढतात.

१५ जुलै १५८३ ला कुंकळ्ळीत रोदोल्फो आक्वाव्हिवासह पाच जेझुइट मारले गेले. एका बाजूने हे धर्मयुद्ध दिसतं: देवळं पाडलेली, पाद्री क्रूस रोवायला जागा शोधत होते. पण आधीची काही वर्षं या गावांनी फोर, म्हणजे सारा, भरणं थांबवलं होतं आणि वसुलीच्या माणसांना परत पाठवलं होतं. कुंकळ्ळीवरून घाटाकडे जाणारी व्यापाराची वाटही जाते, ती अडवणं ही मोठी ताकद.

मग हा कराचा उठाव की धर्माचा? मला वाटतं, गावकारी कशी चालते हे माहीत असलं की असा प्रश्न पडत नाही. गावकारीत जमीन सामाईक, लिलावाने कसायला द्यायची, उत्पन्नातून आधी सरकारचा फोर, मग बांध आणि मानशीची (पाण्याच्या दारांची) दुरुस्ती, देवळाचा खर्च, आणि उरलं ते जोण म्हणून गावकरांत वाटायचं. देऊळ हे त्या हिशेबातलंच एक कलम. देवळात मान कुणाचा पहिला, त्यावर गावकर कोण हे ठरतं, आणि गावकर कोण यावर जोण. देऊळ पाडलं की श्रद्धा दुखावते आणि त्याच घावात हक्काचा पुरावाही जातो. १५२६ च्या फोराल या सनदेत पोर्तुगीजांनीच या रूढी लिहून मान्य केल्या होत्या, कारण त्यांशिवाय सारा गोळा होत नव्हता.

शेवट सगळ्यांना ठाऊक आहे. नायकांना बोलणी म्हणून आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारलं आणि गावच्या जमिनी जप्त केल्या. उठावाचं कारण काहीही धरा, शिक्षा मात्र जमिनीतून वसूल झाली.

तांबडीमाती:
मराठ्यांच्या बाजूनेही हाच हिशेब लावायला हवा, नाहीतर तो अप्रामाणिकपणा होईल.

शिवाजी महाराजांनी नोव्हेंबर १६६७ मध्ये बार्देशवर स्वारी केली. इंग्रजांच्या पत्रव्यवहारात कारण धर्मछळाचं दिलं आहे. पोर्तुगीज कागदांत कारण वेगळं: कुडाळकडचे बंडखोर देसाई बार्देशात आसरा घेऊन स्वराज्यात धाडी घालत होते. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी पणजीच्या दप्तरातले कागद उजेडात आणले म्हणून हा दुसरा धागा आपल्याला दिसतो. बातमी पाठवणारा कोण, हे आधी तपासावं लागतं. त्रयस्थाला मोठं कारण आवडतं, ज्याच्या घरावर धाड पडते त्याला लहान कारण माहीत असतं.

नंतर १६६८ मध्ये नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार. आणि १६७१ मध्ये कुडाळच्या नरहरी आनंदरावांना मिठाबद्दल पत्र. बार्देशचं मीठ स्वस्त पडत होतं, व्यापारी तिकडे वळत होते, संगमेश्वरकडच्या मिठागरांना गिऱ्हाईक राहत नव्हतं. म्हणून आज्ञा, की बार्देशच्या मिठावर इतकी जबर जकात बसवा की ते इथे आल्यावर आपल्या मिठापेक्षा महाग पडावं. कुडाळच्या नाक्यावर बैल थांबवून गोणी मोजणारा कारकून, ही त्याच राजाची लढाई आणि तिला तोफ लागत नाही. देवळाला खर्च आणि मिठाला जकात, दोन्ही मनापासून. एक खरं आणि दुसरं सोंग असं मी मानत नाही.

१६८३ चंही थोडक्यात. पोर्तुगीजांनी फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला, नोव्हेंबरमध्ये संभाजी महाराजांनी तो मोडला, २४ तारखेला जुवे बेट घेतलं. शहर पडणार म्हणून विजरईने आपला राजदंड संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीत ठेवला. जानेवारीत मोगल शहाजादा रामघाटाने उतरला म्हणून शहर वाचलं. या भांडणाच्या मुळाशी मोठा भाग रसदीचा होता: मोगलांचं धान्य पोर्तुगीज पाण्यातून जाऊ द्यायचं की नाही. राजदंड शवपेटीत ठेवणारा माणूस खोटा नव्हता. धान्याच्या वाटेवरून भांडणाराही खोटा नव्हता.

रानवारा:
सगळं वाचतोय. गोव्याबाहेरचं एखादं उदाहरण द्याल का, जिथे पैसा आणि पंथ आडवे गेले?

दर्यावर्दी:
चौथं क्रूसयुद्ध. १२०१ मध्ये व्हेनिसशी करार झाला: ४,५०० सरदार त्यांच्या घोड्यांसह, ९,००० सेवक, २०,००० पायदळ यांना नेण्यासाठी जहाजं आणि वर्षभराचं अन्न, किंमत ८५,००० मार्क चांदी. ठरलेल्या ३३,५०० पैकी एक तृतीयांशच्या आसपास माणसं आली. कराराचा आकडा मात्र कायम राहिला, ३४,००० मार्क थकले. व्हेनिसने जहाजं बांधण्यात वर्षभराचा व्यापार थांबवला होता, ते सोडणार नव्हते. म्हणून १२०२ मध्ये झारा हे ख्रिस्ती शहर लुटलं, आणि १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल, तेही ख्रिस्तीच. क्रूस शिवलेले लोक खरोखर जेरुसलेमसाठी निघाले होते, त्यात शंका नाही. कर्जाने दिशा बदलली. चूक कुठे झाली? माणसं किती येतील याच्या अंदाजात.

अंत्रुजकर:
उलटं उदाहरणही हवं. मे ते जुलै १९४४, हंगेरीतून चार लाखांहून अधिक ज्यूंना सुमारे आठ आठवड्यांत ऑश्विट्झला नेलं, बहुतेकांना पोचल्यावर लगेच मारलं. जर्मनीला तेव्हा कारखान्यात माणूस मिळत नव्हता, पूर्व आघाडी कोसळत होती. ज्यांच्याकडून काम करून घेता आलं असतं त्यांना मारलं. याचं अर्थशास्त्रीय स्पष्टीकरण देऊ पाहणारे द्वेषाला कमी लेखतात, आणि ते धोक्याचं आहे.

त्याच युद्धात जपानचं कारण मात्र तेलाचं. अमेरिकेकडून येणारं तेल १९४१ च्या उन्हाळ्यात बंद झालं आणि साठा रोज कमी होऊ लागला. डच ईस्ट इंडीजच्या विहिरी घ्यायच्या, तर वाटेतलं अमेरिकन आरमार आधी. पण तेल लागत होतं ते चीनमधलं युद्ध चालू ठेवायला, आणि ते युद्ध सोडायला त्यांचा विचार तयार नव्हता.

मांडवीकाठ:
आता १९६१. पुष्कळ जण म्हणतात की पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने लोहखनिजासाठी गोवा सोडला नाही. मला ते पटत नाही. खाणी वाढल्या त्या पन्नासच्या दशकात, जपानच्या मागणीने, आणि खाणमालक बरेचसे इथलेच होते. लिस्बनचा हट्ट त्याआधीचा. १९५१ मध्ये घटनाच बदलून वसाहतींना 'सागरपार प्रांत' म्हटलं. एकदा गोवा हा पोर्तुगालचा प्रांत ठरला की वाटाघाट करायला विषयच उरत नाही. शब्द बदलला आणि परतीची वाट बंद झाली.

डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यात साडेतीन हजारांच्या आसपास पोर्तुगीज सैन्य होतं. १४ तारखेला सालाझारचा हुकूम आला: शरणागती नाही, सैनिक एक तर विजयी किंवा मृत, आणि निदान आठ दिवस टिकून राहा. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वाने १९ तारखेच्या संध्याकाळी शरणागती दिली. त्याला सैन्यातून काढलं, १९७४ नंतर मान परत मिळाला. निव्वळ पैशाचा हिशेब असता तर असला हुकूम निघालाच नसता. जमाखर्चात मेलेला सैनिक जमा बाजूला येत नाही.

खाजनवाला:
मांडवीबाब, हुकूम गोव्यासाठी होता असं का मानता? त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चपासून अंगोला पेटला होता. तिथे कॉफी, हिरे, तेल. गोवा बोलणी करून दिला असता तर अंगोलाच्या लुआंडात दुसऱ्या दिवशी तीच मागणी आली असती. गोव्याचा हट्ट हा अंगोलाचा विमा होता. विम्याचा हप्ता तोट्यातच दिसतो.

मांडवीकाठ:
हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, आणि तो टाळता येणार नाही. पण तोच अंगोला सांभाळताना पुढची तेरा वर्षं अर्थसंकल्पाचा फार मोठा हिस्सा लष्करावर गेला आणि शेवटी एप्रिल १९७४ मध्ये लष्करानेच राजवट उलथवली. विमा मालमत्तेपेक्षा महाग झाला तरी हप्ता भरत राहिले, ते कशासाठी? तिथे मला पुन्हा विचारच दिसतो.

कुळागर:
सत्तरीचं कुणी घेतलं नाही म्हणून लिहितो. तिथल्या राणे सरदारांची बंडं 'स्वातंत्र्यासाठी' की 'वतनासाठी', यावर कायम वाद होतो. जानेवारी १८५२ मध्ये दिपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला, तेव्हाच्या तक्रारींत सारा होता, वतनं होती, आणि पोशाखावरची सक्तीही होती. १८९५ मध्ये ठिणगी पडली ती मराठा शिपायांना मोझांबिकला पाठवण्याच्या हुकमाने. समुद्र ओलांडायचा, तोही परक्या माणसांचं बंड मोडायला. शिपाई उठले आणि दादा राणे त्यांना मिळाले. लिस्बनहून राजाचा भाऊ फौज घेऊन यावा लागला.

माझं विचारणं एवढंच, की 'पगार आणि भत्ता' हे आर्थिक कारण आणि 'समुद्र ओलांडला तर जात जाते' हे वैचारिक कारण, असं शिपायाच्या डोक्यात वेगळं असतं का?

जोणकार:
शिपायाच्या डोक्यात नसेल, पण त्याच्या मागणीत वेगळं होतं. म्हणून तहाच्या वाटाघाटी वाचायच्या. पैसे वाढवून दिल्यावर माणसं परत गेली, तर ते एक. पैसे वाढवूनही गेली नाहीत, तर ते दुसरं. १८९५ च्या बाबतीत तो निकाल माझ्यापाशी नाही.

तांबडीमाती:
कार्ताझबद्दल एक राहिलं, खाजनबाब. त्या परवान्यावर मेरी आणि येशूची चित्रं असत, असं अकबराच्या दरबारातल्या बदायूनी या इतिहासकाराने नोंदवलं आहे. सुरतेहून हजला जायचं तर हा कागद घ्यावाच लागे. त्यावरून दरबारी मौलवींत वाद झाला की असा कागद जवळ बाळगून हज करणं योग्य की अयोग्य, आणि एका मोठ्या मुल्लाने तर या स्थितीत हज बंधनकारकच नाही असा निर्णय दिला. तरी जहाजं निघाली. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७० च्या दशकात गेली, तेव्हा परवान्यासाठी दमणजवळचं एक गाव फिरंग्यांना द्यावं लागलं. ती परत आल्यावर मोगल अधिकाऱ्यांनी ते गाव मागितलं आणि दमणच्या सरहद्दीवर चकमकी झाल्या. या चकमकी कुठल्या खात्यात मांडायच्या, ते ज्याला सुचेल त्याने लिहावं.